रिलीव्हर आला नाही

"पाच मिनिटांत नाही म्हणून या," बायको म्हणाली आणि पिशवी घेऊन कारखान्याच्या गेटसमोरच्या बाकावर ठाण मांडून बसली. "साहेबानं गोड बोलून घोळात घेतलं, तर मी आत येईन. मग बघतेच त्याच्याकडे."

बॉयलरवाला हसला नाही. आठ महिन्यांपूर्वी रिटायर झाला, तेव्हापासून हसलाच नव्हता. घरात पाहुण्यासारखा वावरायचा. हाक मारली तर तिसऱ्यांदा ओ द्यायचा. बायको म्हणायची, "तुम्ही अजून घरी आलातच कुठं?"

साहेब त्याच्या पोराच्या वयाचा. "या काका, या. वर्षभराच्या नेमणुकीचं पत्र तयार आहे. उद्यापासून जागेवर बसा."

"माझ्यानंतर तिघांना घेतलंत ना?"

"घेतलं. पळाले. म्हणतात, स्टूल रिकामं नाही." साहेबानं मागच्या महिन्याची वही पुढं सरकवली. "हे बघा."

दर तासाचं प्रेशर. दर तासाची पाण्याची पातळी. एक तास चुकला नव्हता. अक्षर बॉयलरवाल्याचं होतं.

त्याच्या मानेवर काटा आला. "हे कोण लिहितं?"

"ते आम्ही विचारत नाही. वाफ वेळेवर मिळते, काम चोख. पण पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर येतोय. त्याला जागेवर माणूस दिसायला पाहिजे." साहेबानं दात काढले. "काम चालूच आहे, काका. तुम्ही फक्त अंग घेऊन या."

एकतीस वर्षं पिळून घेतलं, आणि वर उरलंसुरलंही फुकटात जुंपून ठेवलं होतं नालायकांनी! आणि या शहाण्याला त्यात काही वावगंच वाटत नव्हतं.

"नाही येणार," बॉयलरवाला म्हणाला. एकदाचा शब्द सुटला.

पण पाय गेटकडे गेले नाहीत. बॉयलरच्या खोलीकडे गेले.

खोलीत कुणी नव्हतं. भट्टी घुमत होती. त्यानं स्टुलावर हात ठेवला. कुणीतरी आत्ताच उठल्यासारखं उबदार. समोर चालू वही उघडी होती, शाई ओली होती. प्रत्येक पाळीच्या शेवटी एकच ओळ लिहिलेली: रिलीव्हर आला नाही.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बॉयलर एकटा सोडायचा नसतो. पुढच्या पाळीचा माणूस सही करून चार्ज घेत नाही तोवर हलायचं नाही, मग घर पेटलं तरी. निरोपाच्या दिवशी साहेबलोकांनी त्याला हाताला धरून हॉलमध्ये नेलं होतं. भाषणं झाली, गुच्छ मिळाला, फोटो निघाले. चार्ज कुणी घेतलाच नव्हता. तो गेला होता. त्याच्यातला जो नियमाचा पक्का होता, तो बसून राहिला होता.

"आठ महिने?" तो रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाला. "एकाही हरामखोराला तुला सोडवावंसं वाटलं नाही रे?"

त्यानं पेन उचललं आणि 'चार्ज घेतला' या रकान्यात सही ठोकली. "जा बाबा. सुटलास. घरी जा."

दार उघडलं आणि आपोआप लागलं.

बॉयलरवाला मागोमाग निघाला, आणि उंबऱ्यातच थबकला. प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि चार्ज आता त्याच्या सहीचा होता.

तो खिडकीशी आला. गेटसमोर बायको बाकावरून उठली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला होता. हसत हसत ती शेजारी बघून काहीतरी बोलली, हातातली पिशवी तिकडे धरली आणि सोडून दिली.

पिशवी पडली नाही. जमिनीपासून हातभर वर, तिच्या पावलाला पाऊल लावत, घराच्या वाटेला लागली.