तांबडी परत आली

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला तांबडी दवाखान्यातून घरी आली, आणि पाच मिनिटांत हिरवी तिच्यावर फिस्कारली.

लाँड्रीवाल्याने मांजरीची टोपली खाली ठेवून झाकण उघडलं होतं, एवढंच. तांबडी बाहेर आली, डाव्या पायाला चिकटवलेली पट्टी झटकली आणि बहिणीच्या दिशेने दोन पावलं गेली. हिरवीने पाठीची कमान केली, दात दाखवले आणि कपड्यांच्या कपाटाखाली शिरली.

"चार दिवस हिच्या आठवणीने धड जेवली नाही, आणि आता हे," बायको म्हणाली. "स्वागत बघा."

"वास येतोय तिला दवाखान्याचा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. चार-पाच दिवस चालेल असं."

वास हा त्याचा विषय होता. घराला लागूनच लाँड्री, एकवीस वर्षांची. तेलाचा, घामाचा, सिगारेटचा, कुठला वास कशाने जातो हे त्याला पाठ होतं. दुसरा विषय खुणेचा. आलेल्या प्रत्येक कपड्याला तो नंबराची चिंधी टाचायचा, आणि एकवीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी गेला नव्हता. मांजरींनाही त्याने तोच नियम लावला. दोघी एकाच वेतातल्या, दोघी राखाडी, शेपटीच्या टोकापर्यंत सारख्या. म्हणून एकीच्या गळ्यात तांबडा सुती पट्टा, दुसरीच्या हिरवा. नावंही तीच पडली.

तांबडीचं दुखणं आधीच्या आठवड्यात लक्षात आलं होतं. सारखी पाण्यावर, अन्नाला तोंड लावेना. शुक्रवारी डॉक्टरांनी उजव्या पायावरची बोटभर जागा भादरून रक्त काढलं. शनिवारी फोन आला. "मूत्रपिंडं बिघडली आहेत. सोमवारी आणा, चार दिवस सलाईन लावू. वेळेत आलात. आणखी आठवडा घालवला असतात, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

रविवारी लाँड्री बंद होती. मळक्या पट्ट्याने दवाखान्यात पाठवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने दोघींचे पट्टे सोडले, उकळत्या पाण्यातून काढले, इस्त्री केले आणि पुन्हा बांधले.

"दवाखान्यात पाठवताय की लग्नाला?" बायको म्हणाली होती.

सोमवारी सकाळी त्याने तांबडीला टोपलीत घालून पोचवलं. दवाखान्यातल्या मदतनिसाने पट्टा पाहिला, कागद पाहिला आणि सलाईन सुरू केली.

आणि आता ती परत आली होती, आणि तिची बहीण तिला घरात घ्यायला तयार नव्हती.

दवाखान्याने उपाय सांगितला होता: एकच टॉवेल दोघींच्या अंगावर फिरवा, वास एक होईल. तांबडीने मुकाट्याने पुसून घेतलं. हिरवीने हात जवळ येऊ दिला नाही. शेवटी त्याने टॉवेल नुसताच कपाटाखाली सरकवला. सकाळी टॉवेल होता तिथेच होता. पाण्याचं भांडं मात्र रिकामं होतं.

"राग गिळायला पाणी लागतंच," बायको म्हणाली.

शनिवारी दुपारी त्याची आत्या पलंगावर आडवी झाली. तिला आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं. मांजर तिच्या पायाशी येऊन निजलं.

"हिरवी का रे?"

"नाही आत्या, तांबडी."

"तांबडी कधीपासून माझ्या पायाशी झोपायला लागली?"

"तीन रात्री पिंजऱ्यात काढल्यात. माणसं लागतात आता तिला."

"वजन तर हिरवीचंच वाटतं."

"सलाईनचं पाणी भरलंय आत्याबाई अंगात," बायको आतून म्हणाली.

आत्या हसली आणि पाय न हलवता झोपली.

त्याला मात्र झोप लागली नाही. रविवारी त्याने दवाखान्यात फोन केला. "एक विचारायचं होतं. मांजर बदललं तर नाही ना?"

"या आठवड्यात राखाडी मांजर एकच होतं आमच्याकडे," मदतनीस म्हणाला. "आणि पट्टा आम्ही सोडलाच नाही."

लाँड्रीवाल्याने फोन ठेवला आणि तांबडीच्या गळ्याशी बोट घातलं. गाठ त्याचीच होती, कपड्याचं गाठोडं बांधतो तशी, उलटी. त्याला हायसं वाटलं.

"तुम्ही जरा सोडा तिला," बायको म्हणाली. "कपाटाखालची कशी आहे बघा. कालपासून बशीला तोंड लावलं नाही तिने."

"रुसलीय. वास गेला की येईल बाहेर."

सोमवारी हिरवी बाहेर आली नाही. बशी तशीच राहिली. पाण्याच्या भांड्यालाही कोणी तोंड लावलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला तो एका सदऱ्याची कॉलर इस्त्री करत असताना डॉक्टरांचा फोन आला. घरी सोडताना घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला होता.

"मी असा रिपोर्ट आजवर पाहिला नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज खुशीत होता. "सलाईनने फरक पडतो, पण इतका नाही. हिच्या मूत्रपिंडांना कधी काही झालंच नव्हतं, असं वाटतंय. घरी काय केलंत तुम्ही?"

"काही नाही," तो म्हणाला. "आणायच्या आदल्या दिवशी फक्त पट्टे..."

तो थांबला. त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"हॅलो?" डॉक्टर म्हणाले.

घरात बायको केर काढत होती. पलंगावर आत्याच्या पायाशी तांबडी गाढ झोपली होती. तो कपाटासमोर जमिनीवर पालथा पडला.

"काय झालं?"

"बॅटरी दे."

उजेड आत पडला. हिरवी भिंतीला टेकून होती. या वेळी ती फिस्कारली नाही. त्याने हात घालून तिला अलगद पुढे ओढलं, तेव्हा तिने फक्त डोळे उघडले. गळ्यात हिरवा पट्टा होता, गाठ त्याचीच.

उजव्या पायावर बोटभर जागा भादरलेली होती.