दुसरी सही

रक्ताची पिशवी हातात धरून सिस्टर आजोबांच्या खाटेपाशी उभी होती आणि तिला दुसरी सिस्टर मिळत नव्हती.

वॉर्डात कुणी नव्हतं असं नाही. पलीकडे टेबलापाशी तिघी बसल्या होत्या. पण हिने हाक मारली की तिघींनाही एकदम कामं आठवायची.

रक्त चढवायचं म्हणजे खाटेच्या दोन बाजूंना दोघी लागतात. एकीने पिशवीवरचं मोठ्याने वाचायचं, दुसरीने ते रुग्णाच्या मनगटावरच्या पट्ट्याशी ताडून बघायचं, मग दोघींनी सह्या करायच्या. रोजचंच काम. पूर्वी बोलता बोलता व्हायचं.

"या ना गं कुणीतरी. आजोबांचं रक्त आलंय."

"चालू कर की. मी सही करते मागाहून," एकजण मान वर न करता म्हणाली.

"नको बाई," दुसरीने लगेच सूर लावला. "हेडमास्तरीणबाई वर जाऊन सांगतील." तिघी खुसखुसल्या.

सिस्टरला हेडमास्तरीण हे नाव उन्हाळ्यात पडलं. तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती. वॉर्डात येताना बोलत यायची आणि जाताना बोलत जायची, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. त्या रेडिओने एका इंजेक्शनसाठी अशीच जागेवर बसून, न बघता दुसरी सही ठोकली होती. डोस चुकला होता. पेशंट वाचला, पण मरता मरता. मेट्रनने विचारलं तेव्हा हिने खरं ते सांगितलं, आणि रेडिओची रवानगी चादरींच्या कोठीत झाली.

आता ती परत आली होती. इतरांशी पहिल्यासारखीच वाजायची, फक्त हिच्यापुढे बंद. बाकीच्यांनीही हिला वाळीत टाकलं होतं. हिने डबा उघडला की टेबल रिकामं व्हायचं. आपलं काही चुकलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी घास उतरत नसे.

"सिस्टर, एकटीने नाही का होत ते?" आजोबांनी विचारलं. त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"नाही हो आजोबा. दोघीच लागतात."

पिशवी फार वेळ फ्रिजबाहेर ठेवून चालणार नव्हतं. आजोबांनाही थांबून चालणार नव्हतं. एवढं साधं काम. नाव ओळखीचं, माणूस ओळखीचा. क्षणभर तिच्या मनात आलं, करावं चालू.

तेवढ्यात खाटेच्या पलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. रेडिओ होती. तिने हिच्याकडे पाहिलं नाही. आजोबांचा हात उचलून मनगटावरचा पट्टा सरळ केला आणि म्हणाली, "वाच."

हिने पिशवीवरचा पेशंटचा नंबर वाचला. "चार, नऊ, सात, तीन."

"परत."

"चार, नऊ, सात, तीन."

"इथे तीन, सात आहे."

सिस्टरने पिशवी डोळ्यांजवळ धरली. सात, तीन. ट्रेमध्ये दोन पिशव्या आल्या होत्या. शेवटच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं आडनावही हेच. तिने आडनाव पाहून पिशवी उचलली होती, आणि मघापासून ती हातात धरून उभी राहूनही तिला काही दिसलं नव्हतं. तिने रक्तगट पाहिला. तोही वेगळा होता. आजोबा तिच्याकडे बघून हसले. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

रेडिओने तिच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि ट्रेकडे गेली.

"मेट्रनला सांगावं लागेल," सिस्टर तिच्या पाठीकडे बघून म्हणाली. "माझी चूक झाली ते."

"सांग. तुला जमतं ते."

आता रेडिओ काही इकडे फिरकायची नाही, दुसऱ्या कुणालातरी धाडेल, असं सिस्टरला वाटलं. तिने आजोबांचं पांघरूण उगाचच नीट केलं.

रेडिओ दुसरी पिशवी घेऊन परत आली, ती पुन्हा पलीकडच्याच बाजूला.

"आता मी वाचते. तू पट्टा बघ."

ती वाचू लागली. चार. नऊ. तीन. सात. मग रक्तगट, मग तारीख, मग नाव. तोच जरासा घोगरा आवाज. चहा पिताना, कपडे बदलताना, बसस्टॉपवर उभं असताना जो सतत कानाशी असायचा आणि ज्याला ही कंटाळून "पुरे गं आता" म्हणायची, तो. कितीतरी दिवसांनी तो आवाज हिच्याशी बोलत होता. प्रत्येक शब्दाला ही "बरोबर" म्हणत होती, आणि तो नंबर आणखी लांब असायला हवा होता असं तिला वाटत होतं.

वाचून संपलं. रेडिओने खिशातून पेन काढलं आणि सही करायला वाकली.

"परत एकदा वाच," सिस्टर म्हणाली. तिला सगळं नीट ऐकू आलं होतं.

रेडिओने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेन खिशात ठेवलं, पिशवी खिडकीच्या उजेडात धरली आणि पहिल्या आकड्यापासून, सावकाश, पुन्हा वाचायला लागली.