देवीला काय सांगू

“निकाल लागला की आधी मला सांग गं, मग साऱ्या जगाला.” आईचं हे बजावणं आठवून तिने त्या दिवशी पहिला फोन घरीच केला होता. दोन विषय राहिले होते, पण तोंडातून निघालं, “पास झाले.”

आता नाताळच्या सुट्टीत ती घरी आली होती आणि आई सकाळीच न्हाऊन खण-नारळाची पिशवी भरत होती. लेक पास झाली तर डोंगरावरच्या देवीला अनवाणी येईन, असा नवस आई बोलली होती. थंडीने तिच्या टाचा उलल्या होत्या.

“चपला तरी घाल गं.”

“देवी म्हणेल, पोर इंजिनिअर होतेय आणि आईचेच पाय नाजूक!” आई हसली.

ते हसणं तिला सोसवेना. “आई, जाऊ नकोस. मी नापास झालेय. तुला खोटं सांगितलं.”

आई पिशवी मांडीवर घेऊन खाली बसली. ओरडली नाही. 

“अगं, तुझ्या शब्दावर मी देवीला सांगून बसले,” ती हळूच म्हणाली. “त्याच संध्याकाळी दिवा लावून सांगितलं, माझी पोर पास झाली म्हणून.”

“चुकलं माझं. मी येते बरोबर.”

“नको. येईन असं मी कबूल केलंय.” आईने खण आणि नारळ काढून देव्हाऱ्यापाशी ठेवले. “आता खरं सांगायला जाते.”

दार हळूच ओढून घेत ती रिकाम्या हातांनी, अनवाणीच निघाली.