टाकीतला पहिला मासा

निळ्या डॅमसेल माशाने पुन्हा धडक मारली. क्लाउनफिशच्या शेपटीचा तुकडा सुटला आणि पाण्यात गोल फिरत खाली गेला. नारिंगी क्लाउनफिश त्याच्या दुप्पट होता. तरी तो पंपामागच्या कोपऱ्याला चिकटून उभा होता. त्याचा एक डोळा पांढरा पडला होता.

भार्गवीने घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात अकरा धडका. ती अलिबागच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या बघायची. पोयनाडजवळच्या या बंगल्यात धनेशने तिला एकाच प्रश्नासाठी बोलावलं होतं. या टाकीत आणखी कोणते मासे टिकतील?

“दणकट काहीतरी सांगा मॅडम,” धनेश म्हणाला. “बाकी सगळे मेंगळट निघाले. हा निळा एकच आपला शेर. सगळ्यात पहिला आणलेला. अंगठ्याएवढा आहे, पण कोणाला जुमानत नाही.”

“तो बाकीच्यांना खाऊच देत नाही,” चहा घेऊन आलेली त्याची बायको हेमाली हळूच म्हणाली.

धनेशने वळूनही न बघता उलटा हात फिरवला. फटका तिच्या तोंडावर बसला. कप फुटले. तिचं डोकं टाकीच्या लोखंडी स्टँडवर आपटलं आणि टाकीतलं पाणी हिंदकळलं.

“तुला कोणी विचारलं?”

भार्गवी ताडकन उठली. “अहो, हे काय करताय?”

“घरातलं आहे मॅडम. तुम्ही मासे बघा.”

मागच्या पडवीत धनेशची आई सगुणा मासळी साफ करत बसली होती. कोयतीचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“हेमाली,” ती तिथूनच म्हणाली, “तुझी पिशवी भरलेलीच हाय दाराशी. साडेदहाच्या एसटीनं म्हसळ्याला जा. चार दिवस माहेरी ऱ्हा. तो थंड झाला का बोलवते.”

हेमालीने पदराने ओठ दाबला. पदरावर लाल डाग पसरला. “या वर्षात तिसऱ्यांदा, आई.”

“मंग काय करू? मरू देऊ तुला हितं?”

भार्गवीने हेमालीला हाताला धरून उठवलं, पडवीच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. तिच्या कपाळावर टेंगूळ येत होतं. टाकीत डॅमसेल पुन्हा कोपऱ्याकडे झेपावला. या वेळी क्लाउनफिशचे दोन खवले उडाले.

“तो जखमी काढा ना बाहेर,” धनेश म्हणाला. “बरा झाला की परत सोडू.”

“आधी कधी केलंत तसं?”

“दोनदा. बादलीत ठेवले, चांगले टणटणीत झाले. परत सोडले आणि संध्याकाळपर्यंत खलास.”

“होणारच.” भार्गवीने बाह्या वर सारल्या. तिचा आवाज वर्गात असावा तसा सपाट आणि स्पष्ट होता. पडवीपर्यंत जाईल इतका. “मार खाणाऱ्याला बाहेर काढलं म्हणून मारणारा निवत नाही. अख्खी टाकी आपलीच, एवढं त्याचं पक्कं होतं. परत आलेला त्याला घुसखोर वाटतो, म्हणून तो आणखी मारतो. बाहेर काढायचं ते मारणाऱ्याला.”

कोयतीचा आवाज थांबला.

“मंग?” सगुणा दारात येऊन उभी होती. तिच्या मनगटांपर्यंत खवले चिकटले होते.

“मग आतले दगड हलवायचे, म्हणजे त्याची जागा त्याची राहत नाही. बाकीचे मासे निवांत खायला लागले की मग बघायचं. त्याने यायचं ते सगळ्यांच्या शेवटी.”

“आन् तरी न्हाय सुधारला तर?”

“तर त्याने एकट्यानंच राहायचं. दुसरीकडे.”

धनेश हसला. “एवढ्याशा माशाचं केवढं कौतुक!” त्याचा फोन वाजला. दिघी बंदरात त्याचा ट्रक अडकला होता. तो शिव्या देत अंगणात गेला.

भार्गवीने एकेक दगड बाहेर काढला. ती शेवटचा दगड उचलत असताना डॅमसेल तिच्या बोटाला कडकडून चावला. तिने हात मागे घेतला नाही. जाळी खाली नेली, वर उचलली. निळा जीव बादलीत पडला आणि चारी बाजूंनी धडका देऊ लागला. आतल्या खोलीत कपाटाचं दार उघडलं, आपटलं, पुन्हा उघडलं. टाकीत क्लाउनफिश अजून कोपऱ्यातच होता.

धनेश लालबुंद होऊन परत आला. “ही अजून हितंच? एसटी काय दारात येणार हाय?” त्याने हेमालीचे केस धरले आणि दुसरा हात उगारला.

कोयती दाराच्या चौकटीत खच्चून रुतली, त्याच्या मनगटापासून चार बोटांवर. चौकटीवरून माशाचं रक्त ओघळलं. सगुणाने दोन्ही हातांनी ती उपटून काढली.

“सोड तिला.”

धनेशने केस सोडले. “आई, येडी झालीस काय?”

“घर माझ्या नावाव हाय,” सगुणा म्हणाली. कोयती तिने खाली ठेवली नाही.

हेमाली उठली. सवयीने दाराशी गेली आणि पिशवीला हात घातला.

“ठेव ती,” सगुणा म्हणाली. “ती तुझी न्हाय.”

हेमालीने खाली बघितलं. पिशवीची चेन अर्धीच लागली होती. चेनमध्ये धनेशच्या चौकडीच्या शर्टाची बाही अडकली होती.