काटेरी मुसकं

सून आणि नातीचा जर्मनीचा व्हिसा आला आणि नथूआबा पिसाळले. एरवी त्यांच्या मांडीवरून न उतरणारी नात, शर्वी, जवळ आली की तिला ढकलून द्यायला लागले. निघायच्या आदल्या दिवशी ती पायाला बिलगली, तर त्यांनी निरगुडीचा फोक उचलला आणि पोरीच्या पाठीवर वळ उठेपर्यंत मारलं.

तिची आई, कोमल, तणतणत गोठ्यात गेली. आज सासऱ्याला सोडायचं नाही, असं ठरवूनच. आबा गोऱ्ह्याच्या तोंडाला काटेरी मुसकं बांधत होते. मोकळा होताच तो आचळांकडे धावला. काटे रुतले, तशी गाईनं अशी लाथ हाणली की गोऱ्हा भिंतीवर जाऊन आदळला.

"आबा, दुधावरची साय म्हणायचात ना तिला? जनावरासारखं मारलंत!"

आबांनी मान वर केली नाही. "गोऱ्हा दुधावरनं तोडतोय," ते म्हणाले. "गाईनंच लाथ घातल्याबिगर त्यो दूध सोडत न्हाई."

म्हातारं विषय टाळतंय, म्हणत कोमल पाय आपटत निघून गेली.

सकाळी गाडी आली. सगळ्यांच्या आधी शर्वी पळत जाऊन आत बसली. "आई, चल ना लवकर, आबा मारतील!" तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

केवळ रीत म्हणून कोमल गोठ्यात जाऊन सासऱ्याच्या पाया पडली. आबांचं लक्ष गाडीकडं होतं.

"तुटली एकदाची," ते पुटपुटले.

कोमल वाकलेलीच राहिली. गोऱ्हा तर अजून गाईकडं तोंड करून हंबरत होता.