पंधरा टक्के

बैरूतमध्ये मयताच्या घरची कॉफी बिनसाखरेचीच असते. वदीहनं पेला उचलला तोच गेलेल्याची बायको वर्दे स्वतः त्याच्यासाठी वेगळा घेऊन आली. चार वर्षांपूर्वी सरकारला डॉलर हवे होते, म्हणून वदीहची बँक ठेवींवर पंधरा टक्के देत होती, ठेव आणणाऱ्या वदीहसारख्या कारकुनाला वर बक्षीस. "एवढं व्याज कुणी देतं का रे?" वर्देनं विचारलेलं. "मावशी, मी आहे ना!" म्हणत वदीहनं तिला बांगड्या मोडून पैसे भरायला लावले आणि बक्षिसातून स्वतःचं लग्न थाटात केलं. मग डॉलर संपले, बँकेनं ठेवी परत देणं थांबवलं आणि दाराला लोखंडी पत्रे ठोकले. नवऱ्याच्या ऑपरेशनला पैसे मागत वर्दे महिनाभर पत्रे बडवत राहिली. आत बसलेला वदीह एकदाही बाहेर आला नाही. आता त्यानं घोट घेतला. त्याच्या लग्नातली कॉफीही एवढी गोड नव्हती. "पी बाळा," वर्दे म्हणाली, "मोजून पंधरा चमचे घातलेत."