अळिवाचे केस

"आजोबा, हलू नका," असं दरडावत माझ्या लेकीने घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीवर बाबांचा चेहरा रंगवला. चष्मा, मिशी, कपाळावरच्या आठ्यासुद्धा. शाळेत सांगितलं होतं, घरातलं एक माणूस रंगवा, आत ओला कापूस भरा आणि वर अळीव पेरा. अळीव उगवले की तेच त्याचे केस.

"टकल्याला कसले केस? चेष्टा करता माझी?" म्हणत बाबा पेपरात तोंड घालून बसले.

"उगवायचे नाहीत गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिथली जमीन मला माहीत आहे."

पण आठवड्याभरात करवंटीवर हिरवंगार रान माजलं. लेक कात्री घेऊन आली. केस कापून कोशिंबिरीत घाला, असं बाईंनी सांगितलं होतं.

"थांब जरा." आईने फणी आणली, ते कोवळे केस अलगद मागे वळवले, कपाळावर एक झुपका सोडला आणि बघत राहिली. "मला बघायला आले तेव्हा हे अगदी असेच दिसत होते."

"भांग डावीकडे होता," पेपरामागून आवाज आला.

आईने भांग डावीकडे पाडला. मग फणी तशीच हातात धरून ती बाबांच्या खुर्चीमागे गेली आणि त्यांच्या तुळतुळीत डोक्यावरून हलकेच फिरवली, पुढून मागे.

मी हसणार होते. पण बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि मान आणखी थोडी खाली केली.